जळाली म्हणे!

आमच्या तालुक्यात मोटार कधी बिघडत नाही. ती थेट जळते. विहिरीवरची असो, पिठाच्या गिरणीची असो, नाहीतर आमच्या सुतारमेटातल्या करवतीची असो. खटका दाबला, मोटारीनं नुसता हुंकार दिला आणि ती फिरली नाही, की बघणारा पहिला माणूस म्हणतो, "जळाली." दुसरा म्हणतो, "जळाली वाटतं." तिसरा बघतही नाही, तो टेम्पोचं भाडं विचारतो. तालुक्याला नेल्यावर दुकानातला पोरगा मोटारीचं झाकणसुद्धा न काढता म्हणतो, "जळालीय, भरावी लागंल." म्हणजे आतली सगळी तांब्याची तार उपसून नवी गुंडाळायची. पंचनाम्याआधीच प्रेत जाळायला निघालेल्या गावासारखा हा प्रकार आहे, आणि मला या माणसांशी भांडायचं आहे. भांडण जुनं आहे. त्यात माझाही एक गुन्हा आहे, तो पुढं सांगतोच.

आमची करवत म्हणजे गोल पात्याची, बीडाच्या जड टेबलाची, चार पायांवर उभी. आबांनी ती १९७१ साली कोल्हापूरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतली. बैलगाडीत घालून शेवटचे चार मैल आणली, तेव्हा बैलांनी ओढ्याच्या चढाला मान टाकली होती, असं आई सांगायची. आबा तिला 'कटर' म्हणत, म्हणून गावही कटर म्हणतं. टेबलाखाली मोटार, मोटारीवर पुली, पुलीवरून पट्टा वर पात्याच्या दांड्याला. बस्स, एवढंच यंत्र. मोटारीच्या अंगावर पितळी पट्टी आहे. रंगाचे तीन थर खरवडले की अजून वाचता येतं : दीड हॉर्सपॉवर, २३० व्होल्ट, सिंगल फेज, १४४० फेरे.

या कटरवर आबांनी आधी नांगराचे इसाड, गाड्यांची साठी, कुळवाच्या दिंडी कापल्या. पुढं लोखंडी अवजारं आली तशा चौकटी, खिडक्या, देव्हारे, शाळेची बाकं कापली. मी शिकलो ते त्या भुश्यावर. पुण्यात हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. कटर थोरल्या भावाकडं, दादाकडं राहिली, आणि दादाच्या हाताखाली त्याचा पोरगा तयार झाला.

गेल्या आषाढात दादाच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पात्यानं नाही. पट्ट्यानं.

कसं गेलं ते नीट सांगायला पाहिजे, कारण या लेखातलं माझं सगळं भांडण त्या एका क्षणात आहे. दोन वर्षांपासून कटर आपली आपण सुरू होत नव्हती. खटका दाबला की नुसतं 'हूंऽऽ' करायची. मग दादानं एक युक्ती काढली. खटका दाबायचा आणि त्याच वेळी पट्ट्याला हातानं एक झटका द्यायचा. मोटार फिरायला लागायची आणि एकदा फिरली की दिवसभर चालायची. येणाराजाणारा कौतुक करायचा. "काय डोकं हाय दादाचं! मोटार भरायचं वाचवलं." कुणी तक्रार केली की दादा म्हणायचा, "चालतंय की." दोन वर्षं चालत होतं. आषाढात दमट हवेनं पट्टा चिकट झाला होता, हात सुटायच्या आत मोटारीनं ओढ घेतली, बोटं पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेली.

आता माझा गुन्हा. अपघाताच्या आधीच्या दिवाळीत मी गावी होतो. दादा पट्ट्याला झटका देऊन कटर चालू करताना मी मोबाईलवर चित्रीकरण केलं आणि शाळेच्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर टाकलं. खाली लिहिलं, 'आमच्या गावाकडचं जुगाड'. बावीस जणांनी अंगठे पाठवले. एकानं लिहिलं, हे लोक इंजिनिअरांना शिकवतील. तीस वर्षं गणित शिकवलेला, प्रयोगशाळेत पोरांना चुंबकाभोवती तार गुंडाळून दाखवलेला मी तिथं उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की जी मोटार पूर्वी आपली आपण सुरू होत होती ती आता का होत नाही?

म्हणून जुगाड या शब्दाचा मला आता राग येतो. शहरातली माणसं त्यावर भाषणं देतात, पुस्तकं लिहितात. गरिबाच्या कल्पकतेचं कौतुक करायला काही लागत नाही, बोटं त्याची असतात. दुरुस्ती आणि जुगाड यांच्यात फरक आहे. दुरुस्ती करणारा माणूस दोष शोधतो. जुगाड करणारा दोषाला वळसा घालून पुढं जातो, आणि दोष तिथंच बसून राहतो, वाट बघत.

दादा दवाखान्यातून आला तोवर कटरवर ताडपत्री पडली होती. कुणीच तिला हात लावेना. घरात त्या यंत्राचं नाव निघालं की वहिनी उठून आत जायची. पुतण्यानं मोटार सोडवली, टेम्पोत घातली, तालुक्याला नेली. तिथं तेच झालं. दुकानदारानं वास घेतला, हातानं पुली हलवली आणि निकाल दिला. जळाली. साडेचार हजार. शिवाय म्हणाला, "एवढी जुनी कशाला ठेवता? भंगारात घाला, नवीन येती की हलकी. हाताला उचलती."

दिवाळीत मी गेलो तेव्हा दारात दोन गिऱ्हाइकं होती. एक भंगारवाला. त्याला बीडाचं वजन कळत होतं. दुसरा पुण्यातून आलेला, हॉटेलांची सजावट करणारा. त्याला कुणीतरी फोटो पाठवला होता. त्याला फक्त टेबल आणि पाय पाहिजे होते, मोटार नको. वर काच टाकून गिऱ्हाइकांना कॉफी प्यायला देणार होता. "व्हिंटेज पीस आहे काका," तो मला म्हणाला, "अशा गोष्टी जपल्या पाहिजेत." पंधरा हजार देत होता. भंगारवाल्याचा भाव त्याच्या निम्म्याहून कमी.

मला त्या दोघांत फारसा फरक दिसेना. भंगारवाल्याच्या लेखी ती मेलेली होतीच. व्हिंटेजवाल्याला ती मेलेलीच पाहिजे होती. चालणारी करवत हॉटेलात कोण ठेवील? आजकाल गावाकडच्या वस्तूंवर प्रेम करणारी जी मंडळी निघाली आहेत, जातं टीपॉय म्हणून, नांगर फाटकावर, बैलगाडीचं चाक भिंतीला, त्यांचं प्रेम वस्तू बंद पडल्यावर सुरू होतं. ती चालत होती तेव्हा या प्रेमिकांनी सुताराला एक चौकट करायला सांगितली नाही, प्लायवूडची दारं आणली.

पुतण्या नवी घ्यायच्या बाजूचा होता. त्याला दोष देत नाही. बापाची बोटं खाल्लेलं यंत्र घरात ठेवायला त्याचं मन होत नव्हतं. मी त्याला म्हणालो, "मला दोन दिवस दे. यंत्रानं खाल्ली का आपण चारली, ते तरी बघू."

दादा ओट्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, "बघ बाबा. आबा असतं तर झाकण काढलं असतं."

हे खरं होतं. आबा चौथी शिकलेले. पण मोटार नुसती जळाली म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. १९९२ साली ही मोटार खरंच जळाली होती, वायंडिंग काळं पडलेलं, वास चार घरं पलीकडं. तेव्हा आबा भरायला घेऊन गेले ते जुनी तार परत मागून आले. वायंडर हसला. आबांनी जुनी जळकी तार वाण्याच्या तागडीत तोलली, वजन भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं. मोटार भरून आली, कटर चालली, पण तासाभरात अंगाला हात ठेववेना. आबांनी मोटार परत नेली आणि वायंडरला म्हणाले, "तू तार बारीक घातलीस, न्हाईतर वेढं कमी घातलंस. दोन्हीतलं काय ते तूच सांग." बारीक तारेचा अडथळा जास्त, म्हणून ती तापते, वेढे कमी झाले की मोटार जास्त करंट ओढते, म्हणूनही तापते. आबांना ही वाक्यं येत नव्हती, पण तागडी येत होती. वायंडरनं दुसऱ्यांदा भरून दिली, फुकट. तीच तार आज मोटारीत आहे.

बलुत्याच्या व्यवहारात सुताराला मिळायचं ते सुगीला धान्य, वर्षाचं. नांगर मोडला तर नीट करून द्यायचा, पुन्हा मोडला तर पुन्हा, वेगळे पैसे नाहीत. त्या व्यवस्थेचं गुणगान मी करणार नाही. तिनं माणसांना जातीच्या खुंट्याला बांधून ठेवलं, आबांनी खळ्यावर ताटकळत उभं राहून पसाभर धान्याचा अपमान गिळलेला मला माहीत आहे. पण तिच्यात एक हिशेब होता, तो बघण्यासारखा आहे. अवजार जितकं कमी मोडेल तितका सुताराचा फायदा. आज उलटं आहे. विकणाऱ्याचा फायदा मोडण्यात आहे. भरणाऱ्याचा फायदा भरण्यात आहे. मग झाकण कोण उघडील?

तर आम्ही उघडलं. ते कसं, हे लिहितो, कारण ज्याच्या घरी अशी एखादी मोटार कोपऱ्यात पडली आहे त्याला उपयोग होईल.

सगळ्यात आधी वीज तोडली. खटका बंद करून नाही, मेन काढून आणि फ्यूजची ग्रीप पुतण्याच्या खिशात. मोटार टेबलाखालून बाहेर घेतली होतीच, म्हणजे पट्टा नव्हता. पुली हातानं फिरवली. गुळगुळीत फिरली, खरखर नाही, वरखाली हलत नाही. म्हणजे बेअरिंग ठीक. नाक लावलं. जळक्या वार्निशचा वास एकदा हुंगलेला माणूस विसरत नाही. तो नव्हता. दुकानदारानं कसला वास घेतला होता देव जाणे, बहुधा साडेचार हजारांचा.

मग विचार. मोटार हुंकार देते म्हणजे मुख्य वायंडिंगमधून वीज जाते आहे. झटका दिला की फिरते आणि दिवसभर काम करते म्हणजे ते वायंडिंग चांगलं आहे. जळालेली मोटार दोन वर्षं सागवान कापत नाही! हे साधं अनुमान आमच्या गावात, तालुक्यात, आणि पुण्यातल्या बावीस अंगठ्यांत कुणीच केलं नव्हतं.

सिंगल फेजच्या मोटारीचं एक दुखणं जन्मजात असतं. तिला धावता येतं, पण उठता येत नाही. एका फेजच्या विजेनं आतलं चुंबकत्व नुसतं पुढं-मागं होतं, गोल फिरत नाही, म्हणून स्थिर उभ्या असलेल्या रोटरला कुठल्या बाजूला जावं ते कळत नाही. तिला उठवायला दुसरं एक वायंडिंग असतं, सुरुवातीचं. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, ज्याला आमच्याकडं कंडेन्सर म्हणतात. तो त्या वायंडिंगमधला करंट थोडा पुढं सरकवतो, दोन चुंबकत्वं मागंपुढं होतात आणि रोटरला दिशा मिळते. मोटारीनं तीन चतुर्थांशाच्या आसपास वेग घेतला, की आत दांड्यावर बसवलेली वजनं बाहेर फेकली जातात आणि एक छोटा स्विच उघडतो. सुरुवातीचं वायंडिंग बाजूला होतं. त्याचं काम तेवढंच, दोन-तीन सेकंदांचं. तार बारीक असते, जास्त वेळ राहिलं तर भाजून निघेल.

हाताचा झटका म्हणजे त्या दुसऱ्या वायंडिंगचं काम दादाची बोटं करत होती. आणि हातानं उलटा झटका दिला असता तर मोटार तितक्याच आनंदानं उलटी फिरली असती, पात्याचा नट सुटायला लागला असता. ते झालं नाही, हे नशीब.

म्हणजे संशयित तीनच : कंडेन्सर, आतला स्विच, सुरुवातीचं वायंडिंग. कंडेन्सर काढण्याआधी त्याच्या दोन टोकांना बल्ब लावून त्यातली वीज उतरवली. हे विसरू नका, मोटार बंद असली तरी तो झटका देऊ शकतो. त्याच्या अंगावर १००–१२० मायक्रोफॅरड लिहिलेलं, आणि माझ्या मीटरवर भरला जेमतेम तिसाच्या आसपास. मेलेलाच. तालुक्याहून नवा आणला, काहीशे रुपयांचा. बसवला. खटका दाबला.

हूंऽऽ.

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. भंगारवाला परत चक्कर मारायला आला होता, तो म्हणाला, "गुरुजी, जळाल्यालीच हाय ती." मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्याशा अपयशावर 'जळाली' हा शब्द किती सोयीचा आहे ते तेव्हा कळलं. तो शब्द उच्चारला की डोक्याला सुट्टी.

दादा ओट्यावरून म्हणाला, "एकच चोर आसतो व्हय नेहमी?"

मग लांब बोल्ट काढून मागचं झाकण उघडलं. काढण्याआधी झाकण आणि अंग यांवर छिन्नीनं एकेक खूण केली, तसंच बसवता यावं म्हणून. ही आबांची सवय. आत स्विच दिसेना. त्या जागी एक गोवरी होती. खरोखर गोवरी. कुणीतरी कधीतरी बेअरिंगला मूठभर ग्रीस घातलं होतं, ते वितळून स्विचवर आलं, त्यावर वर्षानुवर्षांचा भुसा बसला आणि थापून घट्ट झाला. वजनं बाहेर फेकलेल्या अवस्थेत अडकलेली, स्विच कायमचा उघडा. सुरुवातीच्या वायंडिंगला वीज जायला वाटच नव्हती, नवा कंडेन्सर बिचारा काय करणार? लाकडी काडीनं खरवडलं, ब्रशनं झाडलं. स्विचचे टिकले काळे, खड्डे पडलेले. बारीक पॉलिश पेपरनं घासले. एमरी वापरली नाही, तिची कणी तिथं राहून त्रास देते. स्प्रिंग शाबूत होत्या. वजनं बोटानं ओढली, सोडली. टिक. पुन्हा ओढली. टिक.

मग सिरीजमध्ये बल्ब लावून सुरुवातीचं वायंडिंग तपासलं, बल्ब लागला. वायंडिंग आणि मोटारीचं अंग यांच्यात तपासलं, लागला नाही. म्हणजे तार अखंड आणि अंगात वीज उतरत नाही. १९९२ची तार. आबांच्या तागडीची तार.

बंद केली, खुणा जुळवल्या, खटका दाबला. एक हुंकार, मग आत 'टिक', आणि मोटार तिच्या त्या जुन्या घरघरीत आवाजात फिरायला लागली. वहिनी दारात आली होती. ती काही बोलली नाही, परत आत गेली.

खर्च : एक कंडेन्सर, पॉलिश पेपर अर्धा, माझा दीड दिवस. एवढ्यासाठी दोन बोटं.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण मला एक प्रश्न सतावत होता. कंडेन्सर मेला कशानं आणि टिकल्यांना खड्डे पडले कशानं? नुसत्या भुश्यानं खड्डे पडत नाहीत. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळालं. सकाळी झकास उठणारी मोटार संध्याकाळी पट्टा चढवून चालू केली, तर उठायला इतका वेळ घेऊ लागली की 'टिक' व्हायला मी आठपर्यंत मोजलं. मीटर लावला. घरातल्या मेनवर १९८ व्होल्ट. शेडमध्ये मोटार उठत असताना १४८.

पन्नास व्होल्ट आमच्याच तारेनं खाल्ले होते. घरापासून शेडपर्यंत साठ मीटर, अडीच चौरसची ॲल्युमिनियमची तार, मध्ये दोन गाठी, एक गाठ तर काळी पडलेली. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा अशी तार म्हणजे ढोलीला लावलेली बाटलीची नळी. ते आमचं पाप. आम्ही सहा चौरसची तांब्याची केबल टाकली, गाठ एकही नाही. कंडेन्सरपेक्षा तीच महाग पडली.

पण उरलेले? मेनवरच १९८ कसे? १९५६च्या विद्युत नियमांत लिहून ठेवलं होतं, की जाहीर केलेल्या व्होल्टेजपेक्षा घरगुती लाईनवर सहा टक्क्यांहून जास्त कमीजास्त होता कामा नये. २३०चे सहा टक्के काढा, २१६च्या खाली जाता येत नाही. आमच्या आळीत दिवेलागणीला २१६ ही दंतकथा आहे. डीपी एक, त्यावर आकडे किती आणि मंजूर जोडण्या किती ते सगळ्या गावाला माहीत आहे, आकडेवाल्यांत माझेही भाऊबंद आहेत.

हे नुसतं दिवे मंद होण्याचं दुखणं नाही. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १४८ला २३०नं भागा आणि वर्ग करा, ०.४१ येतात. म्हणजे पट्टीवर दीड हॉर्सपॉवर लिहिलेली मोटार उठताना आपल्या जोराच्या निम्म्यानंही उठत नाही. ती रेंगाळते. रेंगाळली की आतला स्विच उघडत नाही. स्विच उघडला नाही की बारीक तारेचं वायंडिंग आणि कंडेन्सर दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद तापत राहतात. रोज, दिवसातून वीस वेळा. टिकल्या भाजतात, कंडेन्सर मरतो, एखाद्या दिवशी तार काळी पडते. आणि गाव म्हणतं, मोटार जळाली. जसं काही तिनंच स्वतःवर रॉकेल ओतून घेतलं. व्याकरणाचा मास्तर नसलो तरी मला हे क्रियापद खटकतं. मोटार जाळली जाते. जाळणारे आहेत, त्यात आम्हीही आहोत, पण 'जळाली' म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. वायंडरला धंदा मिळतो, वीजवाल्यांना जाब द्यावा लागत नाही, आकडेवाला निवांत झोपतो. किती शेतकरी एका उन्हाळ्यात दोन-दोनदा पंप भरून आणतात आणि नशिबाला बोल लावतात! त्यांतला एखादा तरी मीटर लावून बघतो का? मीटर चारशे रुपयांना मिळतो.

मला कुणी म्हणेल, गुरुजी, निवृत्त माणसाला दीड दिवस असतो, धंदेवाल्याला कुठला? मान्य आहे. पुतण्याला एका मंगल कार्यालयाच्या खिडक्या द्यायच्या होत्या, त्याला वेळ विकत घ्यावा लागतो. नव्या हलक्या मशिनचंही मी वाईट बोलणार नाही. त्याला सुरक्षेची झाकणं असतात, आमच्या कटरला पट्ट्यावर जाळी सुद्धा नव्हती, ती आता पुतण्यानं बसवली. चांगली गोष्ट आपण आधी का केली नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. पण दुकानात मी ते नवं मशिन उलटं करून बघितलं. कडेनं रिव्हेट. मी विचारलं, आतलं काही बिघडलं तर? विक्रेता म्हणाला, "उघडत नाही ते. बदलूनच घ्यायचं." २०२२ साली दिल्लीत ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारंही आहेत, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मला वॉरंटीचं कार्ड दाखवलं. आमच्या मोटारीला असा हक्क कुणी दिला नव्हता. तिला लांब बोल्ट दिले होते आणि अंगावर पितळी पट्टी, जिच्यावर ती काय आहे ते सगळं लिहिलेलं.

आमच्या सांगली भागातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली माळरानावर उभी राहिली, तिथून लोखंडी नांगर निघाले. ते उभारणाऱ्या लक्ष्मणरावांनी त्याआधी बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं होतं. सायकली विकायच्या आणि बिघडल्या तर नीटही करायच्या. या मुलखात कारखानदारी अशी, पाना हातात घेऊन आली. आणि आज त्याच मुलखात पोरं आयटीआयला जाऊन येतात आणि मोटार पुढं ठेवली तर वास घेतात. पोरांचा दोष नाही. झाकण काढायला शिकवलेला कुणी भेटला नाही, आणि काढलं तर पगार कुणी देत नाही.

पुण्याच्या माणसाला मी नाही म्हणून सांगितलं. त्यानं आणखी पाच हजार वाढवले. पुतण्या म्हणाला, "चालती ती. चालणारी न्हाई विकायची." भंगारवाला अजून येतो, पण आता तो चहा प्यायला येतो. परवा आपली भावाची पिठाच्या गिरणीची मोटार 'जळालीय' म्हणून सांगत होता. पुतण्यानं विचारलं, "झाकण काढलं व्हतं का?"

आबांच्या हातचं १९९२चं तारेचं वजन शेडच्या भिंतीवर अजून आहे, चुन्याखालून फिकट दिसतं. त्याच्या शेजारी पुतण्यानं मीटर टांगलाय आणि रोज सकाळ-संध्याकाळ सुतारी पेन्सिलीनं आकडा लिहितो. त्या आकड्यांची यादी जोडून आम्ही वीजवाल्यांकडं तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला साहेबांनी तोंडी विचारलं, तुमचा मीटर प्रमाणित आहे का? तिसरा पोचपावती घेऊन दिला, त्यावर आळीतल्या अकरा जणांच्या सह्या आहेत. त्यातल्या दोघांनी सही करायच्या आधी रात्री आपले आकडे काढून घेतले.

दादानं डाव्या हातानं सही केली असती, तो डावखुरा. आता उजव्यानं शिकतोय. ती सही वाकडी आलीय, पण वाचता येते. कालचा भिंतीवरचा आकडा : सकाळी २२१, संध्याकाळी २०३.